लोहाऱ्याचं लोखंड, साकचीचं शहर : गावातल्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

वाचनालयाच्या कार्यकारिणीत विषय मंजूर झाला : जमशेदपूर (जुनं नाव साकची) घडवणारी माणसं, नावाजलेली आणि न नावाजलेली. बारा फलक, प्रत्येकी तीन बाय चार फूट. मजकूर आठवीच्या पोराला न अडखळता वाचता यावा. खर्च वर्गणीतून, कारण 'ड' वर्ग ग्रंथालयाच्या अनुदानाच्या भरवशावर फ्लेक्सवाला उधारी देत नाही.

कोषाध्यक्षांचा प्रश्न रास्त होता. "मॅडम, लोक इथं कापसाच्या भावाचं विचारून राहिले, अन् आपण झारखंडच्या शहराचं प्रदर्शन लावून राहिलो. काहून?" मी १८८२ सालाचं सांगितलं. जमशेटजी टाटांनी पोलादाचा कारखाना मनात घेतला तो आपल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यावरचा एक अहवाल वाचून. लोखंड लोहाऱ्याचं आणि कोळसा वरोऱ्याचा, असा पहिला बेत होता. म्हणजे आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावरचा कोळसा.

हे ऐकल्यावर अध्यक्ष गुरुजींचा आवाज चढला. "म्हणजे कारखाना आपलाच होता! तोही नेला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. विदर्भात कुठल्याही बैठकीत अनुशेषाचं नाव निघालं की एकमत व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या फलकाचं शीर्षकही तिथल्या तिथं ठरलं : 'आमचा पळवलेला कारखाना'. इतिवृत्तात मी ते लिहिलं नाही. आधी तपासू, म्हटलं.

१३ नोव्हेंबर

अहवाल लिहिणारे रिटर फॉन श्वार्ट्झ हे जर्मन तज्ज्ञ. चांदा जिल्ह्यात लोखंडाचा धंदा पैशाच्या हिशेबानं कितपत जमेल, हे त्यांनी तपासलं होतं. सगळ्यात चांगलं खनिज त्यांना लोहाऱ्याला दिसलं आणि त्यातल्या त्यात जवळचा कोळसा वरोऱ्याला. तेव्हा जमशेटजी त्रेचाळीस वर्षांचे होते आणि नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल पाच वर्षांपासून चालू होती. त्या अहवालानंतरही वीसेक वर्षं काही घडलं नाही, याचं एक कारण सरकारी होतं. खनिज शोधायच्या परवान्याच्या अटी इतक्या जाचक होत्या की शहाणा माणूस त्यात पैसा घालणार नाही. त्या १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात सैल झाल्या.

पोरांनी मोबाइलवर लोहारा शोधलं, तर पहिलं यवतमाळचं आलं. मग आणखी दोन-तीन आली. लोहारा नावाची गावं विदर्भात पुष्कळ आहेत. आपलं ते जुन्या चांदा जिल्ह्यातलं. फलकावर जुन्या जिल्ह्याची हद्द दाखवावी लागेल. त्या चांद्यात आजचा गडचिरोलीही येत होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. गंमत अशी की टाटांची लोखंड-पोलाद कंपनी स्थापन झाली ती २६ ऑगस्टलाच, १९०७ साली. याला काही अर्थ नाही, पण प्रश्नमंजूषेत चालेल.

लोखंड इथं इंग्रजांनी आणलं असं वाचणाऱ्याला वाटू नये. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती महापाषाण काळातली, अडीच हजार वर्षांपूर्वीची. पहिल्या फलकाचा वरचा तिसरा हिस्सा तिला द्यायचा. तिथं काम करणारे हेच या प्रदर्शनातले सगळ्यात जुने न नावाजलेले.

१९ नोव्हेंबर

आज कोळसा. 'जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले, त्याचा कोक होत नव्हता', एवढं वाक्य लिहून ठेवलं होतं. आठवीतल्या मुलीनं विचारलं, "कोक म्हणजे पितो तो?" फलकावर काम भागेना, म्हणून लोहारकाकांच्या भट्टीवर गेलो.

वीटभट्टीवरून आणलेला दगडी कोळसा आधी कुटून बारीक केला. तो जाड पत्र्याच्या डबीत भरला, झाकण दाबलं आणि झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडलं. काकांनी डबी निखाऱ्यात सरकवली आणि भाता धरला. आता भात्याच्या जागी ब्लोअर आहे, पण ते त्याला भाताच म्हणतात. भोकातून आधी पिवळट धूर आला, मग बारीकशी ज्योत धरली. ज्योत विझेपर्यंत थांबलो. काकांनी सांडशीनं डबी काढून ऐरणीवर ठेवली. ती निवायला अर्धा तास गेला, तेवढ्यात दोन विळ्यांना धार लावून झाली.

झाकण उघडून डबी कागदावर पालथी केली, तर नुसता भुसा पडला. कुटून भरला होता तसाच, फक्त रंग मळकट. कोकिंग कोळसा असता, तर तो तापल्यावर मऊ होऊन फुगला असता, कण एकमेकांना धरून बसले असते आणि निवल्यावर छिद्राछिद्राचा टणक गोळा निघाला असता. तोच कोक. झोतभट्टीत वरून खनिज, चुनखडी आणि कोक असे थर टाकतात, खालून तापलेली हवा सोडतात. वरच्या थरांचं वजन कोकनं पेलायचं असतं, हवेला वाटही त्यानंच द्यायची असते. तिथं भुसा टाकला, तर भट्टी गुदमरते.

काकांनी भुसा बोटांनी चाळला आणि म्हणाले, "ह्याच्यात जीव नाही जी. विटा भाजाले चालते. बाकी काही नाही." त्यांचं वाक्य जसंच्या तसं फलकावर जाईल.

वरोऱ्याची खाण सरकारी होती. १८७१ पासून चालली आणि १९०६ मध्ये बंद झाली. वर्धेहून वरोऱ्याला रेल्वे आली तीही त्या कोळशासाठी. इंजिनाला तो पुरेसा होता, पण लोखंड गाळायला नव्हता. 'पळवला' या शब्दाचा अर्धा जीव इथंच गेला.

२० नोव्हेंबर

कापूस वेचणीमुळे शाळेत निम्मी पोरं नाहीत. काम बंद.

२५ नोव्हेंबर

नागपूरचा फलक. एम्प्रेस मिलवर इतकं साहित्य आहे की काय गाळायचं हाच प्रश्न. १ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून एम्प्रेस. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची, म्हणजे आजच्या गांधीसागराकडची. भरणी करून पाया घालावा लागला. तिथल्या एका सावकारानं भांडवल द्यायला नकार दिला, जमिनीत सोनं पुरणाऱ्याला कोण पैसे देतो म्हणून. आणि पुढं मिल चालल्यावर कबूल केलं की यानं माती पुरून सोनं काढलं, असं सांगतात. गोष्ट चांगली आहे, पण ती 'असं सांगतात' या शब्दांसकटच छापायची.

मला या फलकावर जमशेटजींपेक्षा बेझनजी दादाभाई मेहता मोठे हवेत. जमशेटजी मुंबईला, प्रवासात, इंग्लंडात. मिल रोज चालवली ती बेझनजींनी. हा माणूस आला होता रेल्वेच्या मालखात्यातून. कापडातलं त्याला काही येत नव्हतं. यंत्राचं बघायला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. माणसं सांभाळणं, माल वेळेवर उतरवणं, हिशेब, ही बेझनजींची बाजू. रिंग स्पिंडलसारखं सूत कातायचं नवं यंत्र हिंदुस्थानात पहिल्यांदा चालवून पाहणाऱ्या गिरण्यांत ही मिल होती. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. कुठल्याही कायद्यानं तेव्हा ते मागितलं नव्हतं. पुढं साकचीत जे झालं, त्याची रंगीत तालीम नागपुरात होऊन गेली होती.

नागपूरला नातेवाईक असलेल्या प्रत्येकाला बेझनबाग माहीत आहे. बसच्या पाटीवर वाचलेलं असतं, तिथं लग्नाला गेलेले असतात. नाव कुणाचं, हे आमच्या बैठकीत एकालाही सांगता आलं नाही. फलकाची पहिली ओळ तीच : 'बेझनबागेतले बेझन कोण?'

मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आता तिथं मॉल आहे. आमच्या गावातली काही घरं त्या मिलच्या पगारावर उभी राहिली. जुने कामगार प्रदर्शनाला येतील, त्यांच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवायची.

३० नोव्हेंबर

अजब बंगला. या प्रकल्पाचा सांधा इथं आहे, म्हणून हे सविस्तर.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जमशेटजी अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कचे सल्लागार अभियंता चार्ल्स पेज पेरिन यांना त्यांनी काम दिलं. पेरिननी आपले भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांना पुढं पाठवलं. वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि जमशेटजींचे भाचे शापूरजी सकलातवाला, असे तिघं चांद्याच्या जंगलात उतरले. बैलगाड्या, तंबू, पाण्याची मारामार. लोहाऱ्याची टेकडी त्यांनी तपासली. खनिज उत्तम, लोखंडाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर. पण साठा थोडा. मोठी झोतभट्टी वर्षानुवर्षं पोसेल एवढं तिथं नव्हतं.

म्हणजे कोळसा कामाचा नाही आणि खनिज पुरणारं नाही. 'पळवलेला कारखाना' संपला. गुरुजींना आज सायंकाळी सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पण शोधाले तर इथंच आले होते ना?" आले होते. त्यावर फलक आहेच.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो. दोराबजी नागपूरला आले ते चांद्याचा परवाना सोडतो, असं सरकारला सांगायला. ज्यांना भेटायचं ते साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आपण अजब बंगला म्हणून ओळखतो. तिथं मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोखंडाच्या खुणेनं गडद रंगवलेला. त्यांनी वेल्डना बोलावून दाखवलं. त्या खुणेवरून दोघं धल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर गेले. पायाखालचा दगड धातूसारखा वाजत होता, असं वर्णन आहे. डोंगरच लोखंडाचा.

तरी कारखाना तिथंही झाला नाही. पुन्हा तेच, कामाचा कोळसा दूर आणि पाणी अपुरं. त्या डोंगराचं नशीब उघडायला अर्धशतक जावं लागलं. आज आपण ज्याला दल्ली-राजहरा म्हणतो त्याच खाणींवर भिलाईचा कारखाना उभा आहे. सोव्हिएत मदतीनं बांधलेला, पहिली झोतभट्टी १९५९ ची. आमच्या भागातली कितीतरी माणसं भिलाईला नोकरीला गेली. लोहाऱ्याहून परतताना सापडलेल्या डोंगरावर आपलीच माणसं कामाला लागली, हे फलकावर ठळक यायला हवं.

२ डिसेंबर

१९११ मध्ये याच तारखेला साकचीत पहिलं कच्चं लोखंड ओतलं गेलं. फळ्यावर लिहिलं. पोरांनी विचारलं, आज सुट्टी आहे का?

७ डिसेंबर

अजब बंगल्यातला तो गडद रंग कुणाच्या कामाचा? प्रमथनाथ बोस यांच्या.

जन्म १८५५ चा, बंगालचा. शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले, १८८० मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात आले. वरच्या श्रेणीच्या जागेवर नेमलेले ते पहिल्या काही भारतीयांपैकी. १८८७ मध्ये धल्ली-राजहऱ्याच्या लोखंडाची नोंद त्यांनीच केली होती. वर्षं गेली, खात्याच्या प्रमुखपदाची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून सेवेत कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंडना ती जागा मिळाली. १९०३ मध्ये बोसांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानात राज्य भूशास्त्रज्ञ म्हणून गेले. तिथं गोरुमहिसाणीच्या डोंगरात त्यांना लोखंडाचा प्रचंड साठा सापडला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून कळवलं : लोखंड इथं आहे आणि झरियाचा कोळसाही फार लांब नाही. महाराजा श्रीरामचंद्र भंजदेव कारखान्याला अनुकूल होते. जमशेटजी त्यानंतर तीन महिन्यांत, १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. शहर त्यांच्या नावाचं आहे, पण ते त्यांनी पाहिलं नाही.

एकाच माणसाच्या दोन नोंदी, एकीवर भिलाई उभी आणि दुसरीवर जमशेदपूर. सरकारी नोकरीत डावललेल्या माणसांची आमच्याकडं कमी नाही, जिल्हा परिषदेत काम केलेले आमचे उपाध्यक्ष हा मजकूर वाचून म्हणाले, "ह्या फलकाचा फॉन्ट मोठा ठेवा." ठेवला.

जाता जाता : जुन्या हिंदी-बंगाली सिनेमातल्या नर्तिका आणि नायिका साधना बोस या प्रमथनाथांच्या सूनबाई. हे फलकावर येणार नाही, पण आजोबांच्या कट्ट्यावर चालून गेलं.

१५ डिसेंबर

शापूरजी सकलातवालांवर स्वतंत्र फलक करायचा की नाही, यावर आज चांगलीच जुंपली. मामाच्या कारखान्यासाठी चांद्याच्या जंगलात लोखंड शोधणारा हा भाचा १९०५ मध्ये इंग्लंडला गेला, कामगार चळवळीत पडला आणि १९२२ मध्ये लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून, कम्युनिस्ट पक्षाचा असूनही मजूर पक्षाचा उमेदवार म्हणून, ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. टाटांच्या घरातला माणूस टाटांसारख्यांच्याच विरुद्ध बोलू लागला. कोषाध्यक्षांचं म्हणणं, त्यानं शहर घडवलं कुठं? माझं म्हणणं, लोहारा नाही चालणार हे ज्यांच्या पायपिटीतून ठरलं त्यांनीही शहराची जागा ठरवलीच. फलक राहिला.

त्याच फलकाच्या उरलेल्या भागात गाडीवान. तीन साहेब जंगलात गेले म्हणजे त्यांच्याबरोबर गाड्या हाकणारे, तंबू ठोकणारे, पाणी आणणारे, टेकडी दाखवणारे चांद्याचे लोक गेलेच. टेकडीला लोखंड आहे हे गावच्या लोहाराला श्वार्ट्झच्या आधीपासून ठाऊक होतं. तो तिथूनच दगड आणून गाळत होता. लिहिणाऱ्यांनी वेल्डचं नाव लिहिलं. आम्ही बैलगाडीचं चित्र मोठं काढतोय. चित्रकलेच्या सरांनी बैलांना नांगराचं जू दिलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. गाडीचं आणि नांगराचं जू वेगळं असतं हे प्रदर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला कळतं, आणि तिथं चूक दिसली की बाकीचं कुणी खरं मानत नाही.

२१ डिसेंबर

साकची. इथं नावांची गर्दी होते, म्हणून फलक दोन केले.

पहिल्यावर जागा. कारखाना सिनी जंक्शनजवळ घालायचं जवळपास ठरलं होतं. डिसेंबर १९०७ मध्ये सर्वेक्षक श्रीनिवास राव आणि वेल्ड फिरत साकचीला आले. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांचा संगम, बारमाही पाणी, आणि जवळच कालीमाटी स्टेशन. ते स्टेशन बंगाल-नागपूर रेल्वेवरचं. म्हणजे आपल्या नागपूरहून निघालेल्या रुळांच्या कडेला हे शहर वसलं. आजही नागपूरहून गीतांजलीत बसलं की टाटानगरला उतरता येतं. १९०८ मध्ये काम सुरू झालं, १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिलं पोलाद निघालं. २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्डनी साकचीचं जमशेदपूर केलं, कालीमाटी झालं टाटानगर. श्रीनिवास रावांच्या नावाचं स्टेशन नाही.

पैसा उभा राहिला तो स्वदेशीच्या वाऱ्यावर. लंडनच्या बाजारानं दाद दिली नाही, तेव्हा १९०७ मध्ये मुंबईत भागविक्री उघडली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सगळं भांडवल भरलं. पुढं लागलेलं चार लाख पौंडांचं कर्ज एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी उचललं.

दुसऱ्या फलकावर माणसं. संथाळ, हो आणि भूमिज तिथले, त्यांच्या वस्त्या आणि शेतं होती. त्यावर भट्ट्या आल्या. छत्तीसगढमधून, ओडिशातून, बंगालमधून मजूर आले. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायकांना तिथं रेजा म्हणत. आमच्या बाजूच्या बांधकामावर हा शब्द अजून चालतो, त्यामुळं तो समजावून सांगायची गरज नाही. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला. कंपनीची माणसं हे अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच. पण त्याच गावात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये संप झाले. हेही त्याच फलकावर, त्याच आकारात. सी. एफ. अँड्र्यूज कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. गांधीजी ऑगस्ट १९२५ मध्ये आले. १९२८ च्या संपात सुभाषचंद्र बोस आले आणि संघटनेचे अध्यक्ष झाले. नंतरचे अध्यक्ष अब्दुल बारी यांची १९४७ मध्ये गोळी घालून हत्या झाली. सुभाषबाबूंचा फोटो मिळाल्यावर पोरांनी तो मधोमध लावायचा हट्ट धरला. मी रेजांचा मधोमध ठेवला आणि सुभाषबाबू बाजूला. तेवढा अधिकार ग्रंथपालाला असतो.

शहराची आखणी करणाऱ्यांना एक पट्टी पुरेल. १९२० च्या सुमारास एफ. सी. टेंपल नावाचे अभियंते, १९४० च्या दशकात ओटो कोनिग्सबर्गर. हे दुसरे हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुतज्ज्ञ, पुढं त्यांनी भुवनेश्वरचीही आखणी केली. रस्ते रुंद ठेवा, सावलीची झाडं लावा, त्यातली एकाआड एक लवकर वाढणारी घ्या, मैदानांना जागा सोडा, मंदिर, मशीद, चर्च सगळ्यांना जागा द्या, हे जमशेटजींनी दोराबजींना १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं. जागा सापडायच्या पाच वर्षं आधी.

२८ डिसेंबर

मेहरबाई टाटांचा फलक महिला बचत गटाच्या बायकांनी वाचून पाहिला. पहिल्या महायुद्धानंतर कंपनीनं विस्तार काढला, पोलादाचे भाव पडले आणि १९२४ मध्ये पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता इंपीरियल बँकेकडं गहाण टाकून एक कोटी उभे केले. त्यात मेहरबाईंचा ज्युबिली हिरा होता, २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा.

हीरा केवढा याचं कुणाला फार कौतुक वाटलं नाही. गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "सोडवला का मंग?" हो, कर्ज फिटलं. "कोणाच्या नावानं पावती होती?" यावर मजकूर नाही. "तुमी सोनाराकडं कधी गेल्या नाही मॅडम, म्हणून विचारलं नाही तुमी. पावती ज्याच्या नावानं, डाग त्याचा." मेहरबाई १९३१ मध्ये वारल्या, वर्षभरात दोराबजीही. हिरा विकून आलेला पैसा त्यांच्या नावाच्या ट्रस्टमध्ये गेला आणि मुंबईचं टाटा कॅन्सर रुग्णालय उभं राहण्यात तो ट्रस्ट होता. हे सांगितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. तिथं उपचार घेतलेली माणसं आमच्या गावात आहेत. फलकाची शेवटची ओळ आता हिऱ्यावरून रुग्णालयावर आणली.

५ जानेवारी

छपाई. फ्लेक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'साकची'चं 'साकचि' होत होतं आणि 'ऱ्या'चा पूर्ण बोजवारा. लोहाऱ्याचं नाव बारा फलकांत इतक्यांदा येतं की ते प्रत्येक ठिकाणी हातानं नीट करून घेतलं. रात्री नऊ वाजले. पोरगा चिडला होता, चहा पाजला.

गुरुजींनी पहिल्या फलकाचं शीर्षक शेवटी सोडलं. आता आहे : 'लोहाऱ्याला कारखाना का झाला नाही?' खाली काकांचं वाक्य आणि डबीतून निघालेला भुसा, काचेच्या बाटलीत.

१२ जानेवारी

आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात मांडलं. बाजार करून, पिशव्या हातात घेऊनच लोक आत येत होते. भुशाची बाटली सगळ्यात जास्त हाताळली गेली. एका शेतकऱ्यानं ती हलवून पाहिली आणि मुलाला सांगितलं, "कोळशानंच घात केला बे आपला." मुलगा म्हणाला, "आन् दगडानं. खाली वाच ना."

एम्प्रेस मिलमध्ये काम केलेले दोघं आले. बेझनजींच्या फोटोसमोर उभे राहून त्यांनी आपापल्या खात्याचं बोलणं काढलं, एक स्पिनिंगचे, एक विव्हिंगचे. प्रमथनाथ, वेल्ड, साकची यांकडं त्यांनी फारसं पाहिलं नाही, आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. भिलाईहून निवृत्त होऊन आलेले एक काका मात्र नकाशासमोरून हलले नाहीत. दल्ली-राजहऱ्याचं लाल पाणी पावसाळ्यात कसं उतरतं, हे ते पोरांना सांगत बसले. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं, परवानगी घेऊन.

१८ जानेवारी

फलक उतरवले. शेजारच्या दोन शाळांनी मागितले आहेत, तिळगूळ संपेपर्यंत एका ठिकाणी, मग दुसऱ्या.

बैठकीत गुरुजींनी नवा मुद्दा काढला. "लोहाऱ्याचं कमी पडलं, मान्य. पण सुरजागडचं? तेही जुन्या चांद्यातलंच ना जी?" मुद्दा बिनतोड आहे. एटापल्लीचा सुरजागड डोंगर त्याच जुन्या जिल्ह्यात होता, आज तिथं मोठी खाण चालू आहे आणि कोनसरीला कारखाना उभा राहतोय. कोकिंग कोळसा आजही आपल्याकडं निघत नाही, तो बाहेरून येतो. पण रस्ता, रेल्वे, बंदर बदललं की १९०४ चं गणित उलटं सुटतं. आणि तिथंही डोंगर माहीत असलेले लोक आधीपासून होते, माडिया गोंड. डोंगरावर त्यांचा देव आहे, खाणीला त्यांच्यातल्या अनेकांचा विरोध आहे आणि काहींना तिथं कामही मिळालंय.

तेरावा फलक सुरजागडचा, असं ठरलं. मजकूर इथं बसून लिहायचा नाही. फेब्रुवारीत तूर निघाली की एटापल्लीला जायचं, भिलाईचे काका बरोबर येतो म्हणालेत. एसटीचं वेळापत्रक कोषाध्यक्ष काढतील.